दहा दिवसांचा धूर

काल रात्री समोरच्या डोंगराला वणवा लागला, तो तुम्ही सगळ्यांनी गच्चीवरून पाहिला. खरं सांगायचं तर मीही पाहिला, तुमच्या मागे उभं राहून, कारण कितीही वय झालं तरी काळोखात डोंगराच्या गळ्यात अशी सोन्याची माळ पडली की माणसाचा पाय तिथून निघत नाही. सकाळी मात्र तुमच्या आजीनं वाळत घातलेल्या कुरडयांवर जळक्या गवताच्या काड्या येऊन पडल्या होत्या, काळ्याशार, हलक्या, बोटानं टिपायला जावं तर बोटावरच पीठ होणाऱ्या, आणि तिनं वणवा लावणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत सगळं वाळवण आत घेतलं. तेवढ्यात धाकटीनं विचारलं, "आजोबा, राख तर इथे पडली. मग धूर कुठे गेला?"

प्रश्न पाच वर्षांच्या पोरीचा, पण त्यावर मोठमोठ्या विद्यापीठांतली शहाणी माणसं वर्षानुवर्षं डोकं खाजवत बसलेली आहेत. आज वीज गेलीच आहे, कंदील पेटलाय, हवेला अजून जळकट वास आहे, तेव्हा या धुराच्या मागोमाग जरा जाऊन येऊ. वाट लांबची आहे, सातासमुद्रापार जाते, आणि पुढे माकडं लागतात एवढं आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पेंगायला लागलेत ते जागे राहतील.

धुराशी आमच्या पिढीची ओळख घरातलीच. माझी आई पहाटे चुलीपुढे बसायची, सरपण बाभळीचं, पावसाळ्यात निम्मं ओलं, फुंकणी फुंकून फुंकून तिचे गाल दुखायचे आणि घर धुरानं असं भरायचं की आम्ही पोरं सैपाकघरात वाकूनच चालायचो, कारण ऊन धूर वरच्या अंगाला तरंगतो आणि खाली जमिनीलगत जरा श्वास घ्यायला जागा राहते, हे शास्त्र आम्हाला शाळेत जायच्या आधीच आलं होतं. वर आढ्याला मक्याची कणसं आणि लसणाच्या जुड्या टांगलेल्या असत, त्यांना धूर मानवायचा, कीड लागत नसे. गोठ्यात तिन्हीसांजेला धुरी केली की गुरं डासांपासून सुटायची. बाळंतिणीला शेक-शेगडी असायचीच. असा हा धूर म्हणजे घरचा गडीच, आणि घरच्या गड्यावर कोण संशय घेणार? पुढे देवीच्या पायऱ्या चढताना आईला दम लागायला लागला, मधेच बसून ती "वय झालं रे" म्हणायची, आणि वय तर पंचेचाळीससुद्धा नव्हतं. तिच्या दम्याचा आणि चुलीचा संबंध आमच्या कुणाच्या मनातही आला नाही.

असो. धुराकडे येऊ. या कंदिलाची वात जरा वर करतो, पाहा. झाली ना काच काळी? ही काजळी म्हणजे जळता जळता अर्धवट राहिलेलं तेल. लाकूडही असंच, कधी पुरतं जळत नाही. त्यातला काही भाग वायू होतो, काहीचे तेलकट डांबरी थेंब होतात, काहीचे कोळशाचे कण होतात, आणि हे सगळं एकमेकांना चिकटून जे वर जातं त्याला आपण धूर म्हणतो. आता एका मिलिमीटरचे हजार भाग करा, म्हणजे मनातच करा, इथे सुरी आणू नका. त्यातले अडीच भाग उचलले की जेवढं माप होईल, त्याहून बारीक कणांना शास्त्रज्ञ पीएम २.५ म्हणतात. आजीच्या डोक्यावरचा पांढरा केस याच मापानं पन्नास-सत्तर भरेल. वणव्याच्या धुरातले बहुतेक कण तर या अडीचपेक्षाही पुष्कळ बारीक. कुरडईवर पडलं ते जड होतं म्हणून पडलं. खरा धूर खाली पडतच नाही, तो वाऱ्यावर बसून गावोगाव जातो.

किती लांब जातो, त्याची एक गंमत ऐका. १९५० साली कॅनडाच्या पश्चिमेला चिंचागा नावाच्या नदीकाठच्या रानाला आग लागली. (नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, हे आपल्याकडचंच कुठलं तरी चिंचगाव.) निर्मनुष्य मुलूख, विझवायला कोण जाणार, आग महिनोन् महिने जळत राहिली. सप्टेंबरच्या २४ तारखेला, रविवारी, तिचा धूर हजारो किलोमीटर पूर्वेला पोचला आणि भर दुपारी काळोख झाला. पाखरं घरट्याकडे वळली, लोकांनी दिवे लावले, कुणाला ग्रहण वाटलं तर कुणाला अणुयुद्ध. पण खरी नवलाई पुढेच. दोन दिवसांनी तोच धूर अटलांटिक ओलांडून स्कॉटलंड-इंग्लंडच्या आभाळात आला आणि तिथल्या लोकांनी वर पाहिलं तर सूर्य निळा! रात्री चंद्रही निळा. एरवी धुरातून सूर्य तांबडा दिसतो, कारण बारीक कण प्रकाशातला निळा रंग इकडेतिकडे उधळून टाकतात आणि आपल्या वाट्याला तांबडा येतो. या धुरातले कण मात्र जणू चाळणीतून काढल्यासारखे जवळजवळ एकाच मापाचे होते, आणि ते माप असं नेमकं, की त्यांनी तांबडाच रंग अडवला आणि निळा सोडला. असा योग क्वचित येतो. माझ्या उभ्या आयुष्यात मी निळा सूर्य पाहिलेला नाही, आणि पाहिला तर आधी चष्मा पुसेन.

आता हाच धूर नाकात शिरला की काय होतं? नाकातल्या केसांना तो जुमानत नाही. पुढे श्वासनळीत चिकट शेंबडाचं सारवण असतं आणि त्याखाली सूक्ष्म केसांची लव, जी शेतातल्या पिकासारखी लाटा घेत कचरा वर वर ढकलत असते. रात्रंदिवस झाडलोट चालू, आणि तुम्हाला पत्ताही नाही. जाडे कण तिथे अडकतात. बारीक मात्र थेट तळाला, वायुकोशांपर्यंत जातात. वायुकोश म्हणजे द्राक्षाच्या घडासारखे हवेचे इवले इवले बुडबुडे, मोठ्या माणसाच्या छातीत तीस कोटींच्या वर, सगळे उलगडून पसरले तर आपलं अंगण भरेल. तिथे झाडू पोचत नाही. तिथे पहारा असतो भक्षक पेशींचा. त्या रांगत रांगत येतात आणि कण दिसला की गिळतात. पण काजळी काही पचत नाही. गिळून बसलेली ती पेशी मग शरीराला हाका मारायला लागते, मदतीला आणखी पेशी धावून येतात, सूज येते, आणि या धावपळीतली काही रसायनं रक्तात उतरून हृदयापर्यंत जातात. म्हणून धुराच्या दिवसांत दवाखान्यात नुसते दमेकरीच येत नाहीत, हृदयरोगीही येतात.

हे झालं धूर असतानाचं. पण धूर गेल्यावर, त्यानं किती माणसांचं काय केलं याचा हिशेब कसा लावायचा? वणव्यात घर जळलं तर मोजता येतं. धुरानं आजारी पडलेल्याच्या अंगावर शिक्का नसतो. दम्याचा माणूस दम्यानं गेला असंच लिहिलं जातं. म्हणून या शास्त्रातली माणसं पोलीस पाटलासारखी आडवाटेनं माग काढतात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात त्यांनी काय केलं, तर औषधाच्या दुकानांतल्या नोंदी धरल्या. धुराच्या दिवशी दम्याचा फवारा किती जास्त खपला? रोगी दवाखान्यात जाईल न जाईल, पण धाप लागली की फवारा संपतोच. ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या उन्हाळ्यात रानं जळली, तेव्हा ज्वाळांत ३३ माणसं गेली. पण हवेतले कण, एरवीचे मृत्यू आणि धुराच्या दिवसांची गणितं जुळवून पाहिली तेव्हा धुरानं दगावलेल्यांचा अंदाज निघाला ४१७. जाळाची बातमी झाली, धुराचा आकडा नंतर एका वैद्यकीय नियतकालिकातून आला.

आणि एक माग तर असा, की तो वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो. १९९७ साली इंडोनेशियात सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवर रानं पेटली. तिथली जमीन कुजक्या पालापाचोळ्याच्या जाड थरांची, म्हणजे जमीनच सरपण, ती महिनोन् महिने धुमसत राहिली. त्या वेळी आभाळातून एक उपग्रह फिरत होता, त्यावरचं यंत्र ओझोन मोजायला पाठवलेलं, पण त्याला हवेतली धूळ आणि धूरही दिसायचा. सीमा जयचंद्रन या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी त्या नोंदी घेतल्या आणि शेजारी ठेवली २०००ची इंडोनेशियाची जनगणना. कुठल्या भागात, कुठल्या महिन्यात जन्मलेली मुलं किती आहेत, हे जनगणनेत असतं. त्यांनी उलटं पाहिलं: किती नाहीत? ज्या भागांवर धूर दाट होता, तिथे त्या सुमाराला जन्मलेल्या किंवा पोटात असलेल्या मुलांच्या रांगेत खाडे दिसत होते. बाईंचा हिशेब आला १५,६०० मुलांचा. यातल्या एकाही मुलाच्या नावापुढे कुणी धूर असं लिहिलेलं नव्हतं.

तर मेलेल्यांचा अंदाज असा बांधता येतो. पण जी वाचली, त्यांचं पुढे काय? हाच प्रश्न मला २०२० च्या सप्टेंबरात तुमच्या सुहासकाकानं विचारला होता. तो कॅलिफोर्नियात राहतो, तिकडे नऊ तारखेला सकाळी त्यानं व्हिडिओ कॉल लावला आणि फोन खिडकीकडे फिरवला, तर बाहेर सगळं नारिंगी, संत्र्याच्या सालीतून पाहावं तसं. "काका, दिवस उजाडलाय, तरी रस्त्यावर गाड्या दिवे लावून चालल्यात," तो म्हणाला. रानं जळत होती आणि त्यांचा धूर उन्हावर पांघरूण घालून बसला होता. फटींना ओले टॉवेल लावलेले, दोन दिवस कुणी दार उघडलेलं नाही, आणि कडेवर त्याची पोर, वर्षाचीही झाली नव्हती. तिच्याकडे पाहत तो म्हणाला, "हिला पुढे काही होईल का हो?" मी काय सांगणार? मी बाबा शाळामास्तर. पण तिकडेच, त्याच्या घरापासून तासा-दोन तासांच्या वाटेवर, या प्रश्नाचं उत्तर शोधणारी माणसं बारा वर्षं काम करत होती. आणि उत्तर देत होती माकडं.

डेव्हिस नावाचं गाव आहे. तिथलं विद्यापीठ म्हणजे मुळात शेतकी शाळा, आजूबाजूला टोमॅटोची शेतं. त्या विद्यापीठाचं एक माकडांचं संशोधन केंद्र १९६२ पासून चालू आहे. अर्ध्या अर्ध्या एकराच्या कुंपण घातलेल्या आवारांत माकडांची टोळकी राहतात, उघड्यावर, उन्हापावसात, आयाबाया, पोरं, हाणामाऱ्या, उवा काढणं सगळं रीतसर. माकडं कुठली, तर ऱ्हीसस जातीची. आपल्या सह्याद्रीतलं, डोक्यावर केसांची टोपी घातलेलं माकड यांचं चुलत भावंड. हे ऱ्हीसस म्हणजे गोदावरीच्या पलीकडचं, मथुरा-वृंदावनात यात्रेकरूंचे चष्मे पळवतं ना, ते. डेव्हिसच्या माकडांपैकी बहुतेकांचं मूळ हिंदुस्थानातलंच. एके काळी पोलिओच्या लशीसाठी आणि प्रयोगांसाठी एकेका वर्षात लाखाच्या वर माकडं आपल्याकडून परदेशी जात. मोरारजी देसाई पंतप्रधान असताना, १९७८ साली, सरकारनं ती निर्यात बंद केली. बरं केलं असं मला वाटतं, आणि त्याच वेळी पोलिओच्या लशीनं कितीतरी पोरं वाचलीही आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, काय करता.

तर २००८ चा जून. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात महिन्याच्या विसाव्या-एकविसाव्या तारखेला कोरड्या विजा पडल्या, म्हणजे गडगडाट भरपूर आणि पावसाचा थेंब नाही, आणि त्या एका वादळानं दोन हजारांवर आगी लावल्या. धूर खोऱ्यात उतरला आणि डेव्हिसवर बसला. तिथल्या दंडकानुसार दिवसाच्या हवेत घनमीटरला ३५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त बारीक कण असू नयेत (आपल्या देशाचा दंडक ६० चा आहे, आणि थंडीत दिल्लीवाले त्याला विचारतही नाहीत). तर त्या जून-जुलैत असे दहाएक दिवस गेले की हवेनं ती पातळी ओलांडली. माणसं घरात बसली. माकडांना घर कुठलं? त्यांचं घर म्हणजे आभाळ. आणि तो हंगाम पिल्लांचा. वसंतात जन्मलेली, दोन-तीन महिन्यांची पोरं आईच्या पोटाला बिलगून तो धूर दहा दिवस ओढत बसली.

इथे लिसा मिलर नावाच्या संशोधक बाईंच्या ध्यानात एक गोष्ट आली. बघा हं, कुणी शहाणं माणूस तान्ह्या बाळांना मुद्दाम धुरात बसवून पुढे काय होतं ते पाहणार नाही. माणसांच्या पोरांचा माग काढावा तर कुणाचा बाप विड्या ओढतो, कुणी घर बदलतं, कुणाच्या खिडक्या बंद होत्या, कुणाच्या उघड्या. सगळं खिचडीसारखं मिसळलेलं, धुराचा दाणा वेगळा काढायचा कसा? आणि ही माकडं! सगळ्यांचं खाणं एक, जागा एक, प्रत्येकाची आई कोण, जन्म कधी, दुखणं कोणतं, सगळं वहीत. हवेतले कण मोजणारं यंत्र गावातच. आणि ताडून पाहायला पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, त्याच आवारांत जन्मलेली पिल्लं, त्यांच्या वाट्याला असा धूर आला नव्हता. जो प्रयोग करायला कुणी धजावलं नसतं, तो विजांनी करून ठेवला होता. मिलरबाईंना आता फक्त वाट पाहायची होती.

वाट पाहणं हे फार अवघड शास्त्र आहे, हे तुम्हाला आंब्याची कोय लावल्यावर कळलंच असेल, रोज उकरून बघत होतात.

तीन वर्षं गेली. माकडाची तीन वर्षं म्हणजे आपल्याकडचं मिसरूड फुटायचं वय. तेव्हा त्या २००८ च्या आणि २००९ च्या माकडांना गुंगी देऊन त्यांची फुप्फुसं मोजली. तुम्ही लोहाराचा भाता पाहिलाय का? आता दिसत नाही म्हणा. आमच्या गावात एक लोहार होता, तो दर आठवड्याला भात्याच्या कातड्याला तेल चोपडायचा, मी विचारलं तर म्हणाला, "मास्तर, कातडं ताठ झालं की भाता उघडत नाही, आणि उघडला नाही तर वारा कुठनं भरायचा?" तसंच झालं होतं. धूर ओढलेल्या माकडांचे भाते ताठ होते आणि त्यांत वारा कमी मावत होता. बाहेरून माकड ठणठणीत, उड्या मारतंय, भांडतंय. कारण असं की वायुकोश जन्मतः सगळे तयार नसतात. माणसाचं काय, माकडाचं काय, बाळ जन्मल्यावर पुढे कितीतरी काळ ते नवे नवे फुटत असतात. घर बांधून व्हायच्या आतच गवंड्याच्या डोळ्यांत धूर गेला, तर भिंत कुठे तरी वाकडी यायचीच.

दुसरी तपासणी रक्ताची. पूर्वी गावात जागल्या असे, रात्री गस्त घालायचा आणि चोर दिसला की हाळी द्यायचा. रक्तातही असे जागल्ये असतात. मिलरबाईंच्या मंडळींनी माकडांचं रक्त बशीत घेऊन त्यात जंतूंच्या अंगाचे तुकडे टाकले, म्हणजे चोर नाही, नुसती चोराची पगडी. २००९ च्या माकडांच्या जागल्यांनी बोंब ठोकली. २००८ वाल्यांची हाळी दबकी निघाली. तीन वर्षांपूर्वीच्या दहा दिवसांचा हा परिणाम!

त्याच २००८ च्या धुरातले कण गोळा करून त्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या मंडळींनी उंदरांच्या फुप्फुसात घालून पाहिले होते. तेवढ्याच वजनाची तिथली एरवीची धूळ आणि हे वणव्याचे कण यांत फरक पडला. वणव्याच्या कणांनी त्या गिळणाऱ्या भक्षक पेशीच जास्त मारल्या. कणांचं नुसतं वजन बघून भागत नाही, ते कशाचे हेही बघावं लागतं. आपली आजी हे पिठाच्या बाबतीत कधीपासून सांगते.

पुढची गोष्ट मला सगळ्यात चमत्कारिक वाटते. ती माकडं मोठी झाली, माद्यांना पिल्लं झाली. या पिल्लांनी २००८ चा धूर पाहिलेला नाही, तेव्हा ती नव्हतीच. तरी त्यांच्या रक्तातल्या जागल्यांची हाळीही दबकी. कसं? जनुकं म्हणजे आपण पोथी धरू. पोथीतली अक्षरं बदललेली नसतात, पण वाचणाऱ्यानं समासात शेंदराच्या खुणा केलेल्या असतात, इथे मोठ्यानं वाच, इथे पान उलट. शरीरही जनुकांवर अशा रासायनिक खुणा करतं, आणि धूर ओढलेल्या माकडांच्या नाकातल्या पेशी मोठेपणी तपासल्या तेव्हा या खुणा न ओढलेल्यांपेक्षा वेगळ्या निघाल्या. खुणांचा आणि पिल्लांच्या दबक्या हाळीचा धागा अजून पुरता जुळलेला नाही. पण कुणाला तरी तो शोधावासा वाटतोय, हे ऐकूनच मला बरं वाटतं.

दहा वर्षांनी त्याच माकडांवर पुन्हा धूर आला. ८ नोव्हेंबर २०१८ ला पॅरडाइज नावाचं गाव जळालं. नावाचा अर्थ स्वर्ग. ८५ माणसं गेली, १८,००० च्या वर इमारती खाक झाल्या. हा धूर निव्वळ झाडांचा नव्हता, त्यात गाद्या, मोटारी, टीव्ही, भिंतींचे जुने रंग, सगळं होतं. जवळच्या चिको गावच्या हवेत शिशाचं प्रमाण नेहमीच्या पन्नास पटींवर गेलं. डेव्हिस तिथून शेदीडशे किलोमीटर, तरी दोन आठवडे धूर. आणि या वेळी हंगाम पिल्लांचा नव्हता, माद्या गाभण राहण्याचा होता. म्हणजे धूर पोचला तो नुकत्या रुजलेल्या गर्भांपर्यंत.

तिथे जॉन कॅपिटानिओ नावाचे गृहस्थ २००१ पासून एक काम नेमानं करत आलेले: पिल्लू तीन-चार महिन्यांचं झालं की त्याला दिवसभर आईपासून बाजूला घेऊन त्याचा स्वभाव तपासायचा. भित्रं आहे की धीट, हातपाय गाळून बसतं की धडपडतं. स्मरणाचीही परीक्षा: पिल्लाला एक चित्र दाखवायचं, मग तेच चित्र आणि शेजारी नवं. पिल्लाला पहिलं आठवत असेल तर ते कंटाळून नव्याकडेच बघतं, अगदी तुमच्यासारखं. तर धूर असताना गर्भात असलेली पिल्लं या परीक्षेत कच्ची निघाली. अंगात सूज दाखवणारा पदार्थ जास्त, आईपासून दूर केल्यावर ताणाचं जे रसायन उसळायला हवं ते कमी, आणि स्वभाव जरा निमूट, पुढे होऊन काही करण्याऐवजी बसून राहणारा. लेख २०२२ साली आला.

आता माकडात दिसलं म्हणून माणसाच्या पोरात तस्संच होईल, असं मी तरी म्हणणार नाही, आणि मिलरबाईही म्हणत नाहीत. माकडं रात्रंदिवस उघड्यावर होती. सुहासची पोर ओले टॉवेल लावलेल्या खोलीत. मी त्याला तेव्हा फोनवर एवढंच म्हटलं, "खिडक्या उघडू नकोस, आणि तिच्या लशींच्या कार्डावर तारीख लिहून ठेव, किती दिवस धूर होता ते." तो हसला. मग आठवड्यानं त्यानं कार्डाचा फोटो पाठवला, पोलिओच्या, गोवराच्या रकान्यांखाली पेन्सिलीनं लिहिलं होतं.

"आणि आजोबा, ती २००९ ची माकडं," धाकटी म्हणाली, मला वाटलं होतं ती झोपली, "त्यांनी काय वेगळं केलं?"

"काही नाही गं. ती वर्षभर उशिरा जन्मली."

तिला ते काही पटलं नाही. ती उठली, कंदिलाच्या उजेडात भिंतीपाशी गेली. तिथे कालनिर्णय टांगलेलं आहे, ज्यावर आजी दुधाचा हिशेब मांडते, दीड, दीड, दोन, पाहुणे आले त्या दिवशी अडीच. धाकटीनं आजीची दोरीला बांधलेली पेन्सिल ओढली आणि कालच्या तारखेत, दीडच्या शेजारी उरलेल्या जागेत, वाकडातिकडा धू काढला. र बसेना, म्हणून तो आजच्या चौकोनात गेला.